जुन्या मोटारगाड्यांचा अस्सलपणा : एक साधनचिकित्सा

ताम्रपट, सनदा, बखरी व पोथ्या ह्यांच्या चिकित्सेस वाहिलेल्या ह्या पृष्ठांत मोटारगाडीसारख्या अर्वाचीन यंत्राचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु काळाच्या ओघांत कोणतीहि मनुष्यनिर्मित वस्तु शेवटीं संशोधकाच्या कक्षेंत येतेच. सन १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें आपल्या देशांत पुरावस्तूची वयोमर्यादा शंभर वर्षांची व हस्तलिखितांची पाऊणशें वर्षांची ठरविली आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीं घडलेल्या मोटारगाड्यांनीं शंभरी केव्हांच ओलांडली आहे. तेव्हां निदान वयाच्या दृष्टीनें तरी ह्या विषयास येथें स्थान मागण्याचा अधिकार आहे.

पोथीचा आणि मोटारीचा एक धर्म समान आहे. दोन्ही वस्तू वापरासाठीं निर्माण झाल्या, वापरानें झिजल्या, आणि झिजलेलें पान किंवा झिजलेला भाग कोणीतरी पुन्हां घडविला म्हणून टिकल्या. मग अशा वस्तूचा अस्सलपणा कशावरून ठरवावयाचा? मूळ द्रव्य किती उरलें ह्यावरून, कीं उत्पत्तीपासून आजपर्यंतच्या अखंड व साधार वृत्तांतावरून? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मात्र तो पक्ष टिकावयाचा असेल तर जें नवें तें नवें म्हणून ओळखूं आलें पाहिजे, आणि गाडीचे कागद गाडीइतक्याच काळजीनें जपले गेले पाहिजेत. हें सोदाहरण दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

१. छंदाचा उगम व कालविभाग

जुन्या गाड्या जपण्याचा छंद प्रथम इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत वाढला. ता. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं इंग्लंडांत स्वयंचलित वाहनांवरील जाचक निर्बंध सैल करणारा कायदा अमलांत आला, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारगाड्यांची एक मिरवणूक निघाली. सन १९२७ मध्यें तिच्या स्मरणार्थ जुन्या गाड्या पुन्हां त्याच वाटेनें नेण्यांत आल्या. मधले कांहीं खंड सोडले तर ती यात्रा अद्यापि चालू आहे. पुढें १९३० मध्यें 'व्हेटरन कार क्लब', १९३४ मध्यें 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' आणि १९३५ मध्यें अमेरिकेंत 'अँटिक ऑटोमोबाइल क्लब' अशा संस्था निघाल्या.

ह्या मंडळींनीं गाड्यांचे कालविभाग पाडले ते असे : १९०४ अखेरपर्यंतची ती 'व्हेटरन', १९०५ ते १९१८ मधील ती 'एडवर्डियन', १९१९ ते १९३० मधील ती 'व्हिंटेज'. 'क्लासिक' हा शब्द त्यानंतरच्या गाड्यांस सैलपणें लावितात. हे विभाग केवळ सोयीचे नाहींत. ब्रायटनच्या यात्रेंत १९०५ च्या पूर्वीं घडलेल्या गाडीसच प्रवेश आहे. त्यामुळें गाडी १९०४ ची कीं १९०५ ची, ह्या एका वर्षाच्या अंतरानें तिची प्रतिष्ठा व किंमत दोन्ही बदलतात. म्हणून 'व्हेटरन कार क्लबा'नें कालनिर्णयासाठीं एक समिति नेमिली असून ती गाडीचे अवयव व कागद तपासून दाखला देते. शकाचा एक आंकडा पुसट असल्यामुळें एखाद्या सनदेवर आपल्याकडे किती वाद माजतात हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या समितीचें काम समजावून सांगण्याची गरज नाहीं.

२. सुट्या भागांचा व्यापार

मूळ कारखान्यावांचून इतरांनीं गाडीचे भाग व उपकरणें करून विकणें हा धंदा जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. फोर्डची टी-मॉडेल गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक निघाली. आरंभीं वरचा टप, पुढची कांच अशा वस्तूसुद्धां तिच्या मूळ किंमतींत येत नसत. ही उणीव भरून काढण्यांत पुष्कळांचें भाग्य उदयास आलें. सन १९०९ मध्यें जॉर्ज पेपरडाइन ह्या तरुणानें कॅन्सस सिटी येथें फोर्ड गाडीचें सामान टपालानें विकण्यास प्रारंभ केला. त्यांतूनच 'वेस्टर्न ऑटो' ही मोठी पेढी झाली. शिकागो येथें १९१५ मध्यें वॉरशॉस्की नांवाच्या गृहस्थानें भंगाराचें दुकान काढलें. त्याच घराण्याच्या 'जे. सी. व्हिटनी' ह्या पेढीची सूचीपत्रें पुढें अमेरिकेंत घरोघर गेलीं.

नव्या गाड्यांसाठीं जन्मलेला हा व्यापार कालांतरानें जुन्या गाड्यांचा आधार झाला. कारखाना बंद पडतो किंवा जुन्या नमुन्याचे भाग करणें सोडून देतो. रबर वाळतें, कापड कुजतें, पत्रा गंजतो. अशा वेळीं गाडी चालती ठेवावयाची तर भाग तीन प्रकारें मिळतात. पहिला प्रकार, त्या काळीं तयार होऊन न वापरतां पडून राहिलेला माल. अशा मालाचे मोठे बाजार अमेरिकेंत हर्शी येथें व इंग्लंडांत ब्यूली येथें दर वर्षीं भरतात. ब्यूलीचा बाजार १९६७ पासूनचा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारांत पोथीचें सुटें पान शोधीत फिरणारा संग्राहक आणि ब्यूलीस एका दिव्याची कडी शोधीत फिरणारा मोटारप्रेमी ह्यांच्या नजरेंत फारसा फरक नसावा. दुसरा प्रकार, जुन्या नमुन्याबरहुकूम नव्यानें केलेला भाग. तिसरा, गाडी अधिक सुखकर किंवा वेगवान व्हावी म्हणून केलेला सुधारलेला भाग. जसें जुन्या ब्रेकांच्या जागीं चकतीचे ब्रेक.

चिकित्सकाच्या दृष्टीनें पहिला प्रकार निर्दोष व तिसरा उघड होय. खरी अडचण दुसऱ्याची. त्याचें ठळक उदाहरण एम.जी.बी. गाडीचें. ही इंग्लिश गाडी १९६२ ते १९८० ह्या काळांत पांच लक्षांहून अधिक निघाली. तिचें पत्र्याचें सबंध कवच हाच तिचा सांगाडा असल्यामुळें तें गंजलें कीं गाडी संपली. सन १९८८ मध्यें 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' ह्या संस्थेनें मूळ साचे शोधून काढून तींच कवचें पुन्हां छापून विकावयास काढलीं. भंगारांत गेल्या असत्या अशा कित्येक गाड्या त्यामुळें वांचल्या. परंतु मूळ साच्यांतून निघालेलें कवच मूळ कवचासारखेंच दिसणार. त्यांत जुनें एंजिन, जुनीं चाकें व जुनी क्रमांकाची पट्टी बसविली, म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या परीक्षकानें काय समजावें? एकाच ठशानें दोनदां छापलेल्या नाण्यासारखी ही स्थिति आहे. लिहिणारा लबाड नसला तरी नक्कल उतरविणाऱ्याचा हात इतका हुबेहूब असावा कीं मूळ प्रत व तिची नक्कल ह्यांतील भेदच नाहींसा व्हावा, असा हा प्रकार होय.

३. गाडीची पुष्पिका

पोथी हातीं येतांच आपण शेवटचें पान उलटून पुष्पिका पाहतों. मोटारीची पुष्पिका म्हणजे तिच्या चासीवर, अर्थात् लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला क्रमांक. एंजिनास स्वतंत्र क्रमांक असतो. कित्येक कारखाने गिअरपेटी व मागचा आंस ह्यांवरहि क्रमांक ठोकीत. ओतीव भागांवर पुष्कळदां ओतकामाची तारीख सांकेतिक अक्षरांत आढळते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं उंची गाड्यांचा कारखानदार बहुधा चासी व एंजिनच विकी, आणि वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीनें निराळा कारागीर बांधी. त्याला 'कोचबिल्डर' म्हणत. त्याची खूण बॉडीच्या लाकडी चौकटीवर किंवा गादीखालच्या फळीवर सांपडते. म्हणजे अशी गाडी जन्मतःच दोन हातांची होती. एकानें संहिता लिहावी व दुसऱ्यानें तींत चित्रें काढावीं तशी.

हे सर्व क्रमांक कारखान्याच्या वहीशीं ताडून पाहणें ही परीक्षेची पहिली पायरी. ते जुळले तर किंमत वाढते, आणि किंमत वाढते म्हणून ते जुळविण्याचा मोह होतो. चुकीचें अक्षर झांकण्यासाठीं आपले लेखक पोथींत हरताळ लावीत. मोटारीच्या धंद्यांत जुना क्रमांक कानशीनें घासून नवा ठोकतात. परंतु हरताळाखालचें अक्षर जसें कधीं कधीं उजेडापुढें धरतां दिसतें, तसेंच येथेंहि आहे. ठोक्याच्या दाबानें अंकाखालच्या धातूची घडण खोलवर बदललेली असते. म्हणून घासलेल्या जागीं योग्य अम्ल लावलें असतां पुसलेले अंक पुष्कळदां पुन्हां उमटतात.

लबाडीवांचूनहि घोटाळे होतात. अपघातांत मोडलेल्या गाडीचें एंजिन एकानें घेतलें व सांगाडा दुसऱ्यानें; दोघांनींहि उरलेला भाग नव्यानें करून गाडी पुरी केली; मग एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या जगांत फिरूं लागतात. कधीं अभिरुचीच घात करते. बेंटले कारखान्याच्या १९२० नंतरच्या दशकांतील कित्येक चासींवर मुळांत बंद, भारदस्त बॉडी होती. पुढें शर्यतीच्या उघड्या गाडीस मोल आलें, तेव्हां मालकांनीं त्या बॉड्या उतरवून टाकून शर्यतीच्या नमुन्याच्या नव्या बांधल्या. गाडी दिसावयास देखणी झाली, परंतु ती प्रथम कोणासाठीं व कशी घडली ह्याचा पुरावा भंगारांत गेला.

म्हणून कागदांचें महत्त्व. इंग्लंडांत मोटारींची नोंदणी ता. १ जानेवारी १९०४ पासून सुरू झाली व तिच्या वह्या स्थानिक अधिकाऱ्यांकडे असत. सन १९७० नंतरच्या दशकांत हें काम स्वॉन्सी येथील मध्यवर्ती कचेरींत गेलें, तेव्हां जुन्या वह्यांपैकीं पुष्कळ नष्ट झाल्या. ज्या वांचल्या त्या दप्तरखान्यांतून व अभ्यासकांच्या खटपटीनें वांचल्या, आणि आज एखाद्या गाडीचा जुना क्रमांक सिद्ध करावयाचा तर त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

४. 'ओल्ड नंबर वन'चा खटला

अस्सलपणाचा हा प्रश्न सन १९९० मध्यें इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढें आला. त्या निकालांतील विवेचन कोणाहि ग्रंथसंपादकानें लक्ष देण्याजोगें आहे.

'ओल्ड नंबर वन' ही बेंटले कारखान्याची 'स्पीड सिक्स' जातीची शर्यतीची गाडी. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत तिनें १९२९ मध्यें वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन ह्यांच्या हातीं आणि १९३० मध्यें बार्नाटो व ग्लेन किडस्टन ह्यांच्या हातीं जिंकली. प्रत्येक शर्यतीनंतर झिजलेले भाग बदलले जात. सन १९३२ मध्यें तिच्यावर आठ लिटरचें मोठें एंजिन चढविण्यांत आलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ब्रुकलंड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत ती उतरत्या कडेवरून बाहेर फेंकली गेली व चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यु पावला. त्यानंतर ती दुरुस्त होऊन रस्त्यावरील बंद गाडी झाली, आणि पुष्कळ वर्षांनीं तिला पुन्हां शर्यतीचें रूप देण्यांत आलें.

सन १९९० मध्यें एका कंपनीनें ती सुमारें एक कोटि पौंडांस घेण्याचा करार केला. मग, ही ती गाडीच नव्हे, असें म्हणून कंपनी मागें सरली आणि विक्रेता न्यायालयांत गेला. चौकशींत निष्पन्न झालें तें मोठें विलक्षण होतें. १९२९ च्या विजयी गाडीपैकीं निश्चयानें दाखवितां येईल असें जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें. १९३० च्या गाडीपैकीं पायटांचा दांडा, गिअरपेटीचें कवच व सुकाणूचा खांब एवढेंच शिल्लक होतें.

न्यायमूर्ति ऑटन ह्यांनीं निर्णय विक्रेत्याच्या बाजूनें दिला. त्याचा आशय असा. मूळ द्रव्य राहिलेलें नाहीं, म्हणून ह्या गाडीस 'मूळची' हें विशेषण लावितां येणार नाहीं. परंतु ती नक्कल नव्हे, आणि नाहींशी होऊन मागाहून उभी केलेलीहि नव्हे. तिचीं स्थित्यंतरें एकामागून एक अखंड घडलीं. मध्यें ती कधीं लोप पावली असें झालें नाहीं. आणि त्या नांवावर हक्क सांगूं शकेल अशी दुसरी गाडी अस्तित्वांत नाहीं. म्हणून ती 'अस्सल' होय. 'मूळची' व 'अस्सल' ह्या दोन शब्दांत न्यायालयानें केलेला हा भेद फार महत्त्वाचा आहे.

आपल्या परंपरेंत हा प्रश्न नवा नाहीं, आणि योगायोग असा कीं तो रथासच धरून विचारला गेला आहे. 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदास विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे काय? आंस कीं चाक, जूं कीं दांडा? कोणताहि एक अवयव रथ नव्हे. त्यांच्या आश्रयानें 'रथ' हें नांव व्यवहारांत चालतें. ह्याच्या उलट वैशेषिकांनीं अवयवी हा अवयवांहून निराळा मानिला, आणि एक अवयव काढला तरी पूर्वीचा अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो असें प्रतिपादिलें. कंपनीचे वकील नकळत वैशेषिकांची बाजू मांडीत होते, व न्यायमूर्तींचा निर्णय नागसेनाच्या जवळचा होता, असें म्हटल्यास अतिप्रसंग होणार नाहीं. मात्र व्यवहारांतील नांव टिकण्यास व्यवहाराचा पुरावा लागतो. 'ओल्ड नंबर वन'ची प्रत्येक दुरुस्ती शर्यतींच्या वृत्तांतांतून व कागदांतून माग काढण्याजोगी होती. ते कागद नसते तर हा निर्णय देणें न्यायालयास कठीण गेलें असतें.

५. रिकामे क्रमांक व खुणेची रेघ

आतां उलट बाजूचीं उदाहरणें पाहूं. जग्वार कारखान्यानें १९६३ मध्यें हलक्या वजनाच्या ई-टाइप शर्यती गाडीसाठीं अठरा क्रमांक राखून ठेविले, पण गाड्या बाराच केल्या. सन २०१४ मध्यें त्याच कारखान्यानें उरलेले सहा क्रमांक घालून सहा गाड्या करण्याचें ठरविलें. फेब्रुवारी १९५७ मध्यें कारखान्यास आग लागून एक्स.के.एस.एस. जातीच्या पंचवीसांपैकीं नऊ गाड्या जळाल्या होत्या. त्या नऊ भरून काढण्याचें २०१६ मध्यें जाहीर झालें. ग्रंथकर्त्याच्याच वंशजानें साठ वर्षांनंतर पोथींतील गळालेलीं पानें लिहून काढावीं तसेंच हें. काम उघडपणें झालें असल्यामुळें त्यास कोणी कूट म्हणणार नाहीं. अर्जेंटिनांतील पराना येथें 'पुर सांग' नांवाचा कारखाना बुगाटी गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृति करून त्या प्रतिकृति म्हणूनच विकतो. त्यालाहि दोष देतां येत नाहीं. भय आहे तें पुढच्या काळाचें. आज प्रामाणिकपणें केलेली नक्कल, तिचीं बिलें हरवलीं, मालक तीनदां बदलला, म्हणजे संशयित मूळ प्रत होऊन बसते.

ह्या भयास द्रव्यबळ आहे. सन २०१८ मध्यें अमेरिकेंतील लिलांवांत फेरारी २५० जी.टी.ओ. ही गाडी चार कोटि चौऱ्यांशी लक्ष डॉलरांस गेली, आणि २०२२ मध्यें मर्सिडीज ३०० एस.एल.आर. जातीची एक गाडी साडेतेरा कोटि यूरोंस विकली गेली. एवढी किंमत जेथें एका क्रमांकावर अवलंबून आहे, तेथें केवळ सचोटीवर भिस्त ठेवून चालणार नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें तुरिन येथें २०१२ मध्यें एक सनद मान्य केली. स्मारकांच्या रक्षणासाठीं १९६४ मध्यें झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा तिला आधार आहे. जतन आधीं, जीर्णोद्धार नंतर. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी. आणि बदललेल्या भागावर न पुसणारी, डोळ्यांत न खुपणारी, पण शोधणाऱ्यास सांपडेल अशी खूण करावी, असें तिचें तात्पर्य आहे.

ही रीत पुण्याच्या वाचकांस परकी नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तींत संपादकांनीं संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली. प्रक्षिप्त भाग टाकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत ठेविला. वाचकास संहिता सलग वाचतां येते, आणि परीक्षकास प्रत्येक सांधा दिसतो. नवा भाग बसविणाऱ्या मेस्त्रीनेंहि आपल्या कामाखालीं अशी नागमोडी रेघ ओढावी, एवढीच तुरिनच्या सनदेची मागणी आहे.

६. आपल्याकडील साधनें

हिंदुस्थानांत ह्या विषयास अलीकडे कायद्याचेंहि रूप आलें आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत भर घालून, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली. अशा गाडीच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. अट अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी आणि तिच्या चासींत, बॉडींत किंवा एंजिनांत भारी फेरफार झालेला नसावा. अट योग्य आहे. परंतु मूळ स्वरूप कोणतें हें सांगणार कोण? आपल्याकडे सुटे भाग परदेशांतून येण्यास महिने लागत. म्हणून हुशार मेस्त्रीनें लेथवर कातून, ठोकून, दुसऱ्या गाडीचें जोडून काम भागविलें. ही कारागिरी हाच त्या गाडीचा हिंदुस्थानी इतिहास आहे. तो खोडून परदेशी सूचीपत्राबरहुकूम गाडी कोरी करणें म्हणजे समासांतील टिपा पुसून पोथी स्वच्छ करण्यासारखें होय.

मराठी संस्थानिकांच्या गाड्यांविषयीं तर हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांच्यासाठीं १९३६ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग गाडी तयार झाली; तिची चासी व एंजिन अमेरिकेंतील, आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कोचबिल्डरची. ती गाडी पुढें अमेरिकेंत गेली. अशी गाडी देशाबाहेर गेली तरी तिच्या खरेदीचा पत्रव्यवहार, हुंड्या, जकातीच्या पावत्या व मोटारखान्याचे रोजकीर्द हिशेब जर दप्तरांत राहिले असतील, तर तिचा अर्धा इतिहास अद्यापि आपल्या हातीं आहे.

दप्तरांची निवड करतांना आपण मोडी कागद बाजूस काढतों, आणि इंग्रजी छापील बिलें, पेट्रोलचे हिशेब, टायरांच्या मागण्या, शोफरांच्या पगाराच्या याद्या रद्दींत देतों. संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, ह्यापुढें असे कागद हातीं आल्यास ते वेगळे बांधून ठेवावे. त्यांवर गाडीचें नांव, चासीचा किंवा एंजिनाचा क्रमांक, नोंदणीचा क्रमांक व तारीख ह्यांपैकीं जें आढळेल तें टिपून घ्यावें. छायाचित्र असल्यास त्याच्या पाठीमागचा मजकूरहि उतरून घ्यावा. ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांनीं दुरुस्तीपूर्वीं तिचीं छायाचित्रें घ्यावीं, काढलेला जुना भाग चिठी बांधून जपावा, आणि नवा भाग कोणी, केव्हां, कशावरून केला ह्याची एक वही गाडीबरोबर ठेवावी. ही वही पुढील मालकास गाडीच्या किल्लीसोबतच द्यावी.